आर्विनची शिटी

ग्रेडी व्हॉसची मुलाखत मी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते तेव्हा वाचली. आत जाईपर्यंत माझा जबडा इतका आवळला गेला होता की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बर्टी, आज राहू दे, पुढच्या आठवड्यात ये." सहा पानी मुलाखत होती. वर हा एवढा फोटो, वाळवंटात उभा, हात खिशात, नजर कुठेतरी लांब. खाली मथळा, 'शांततेचा दिग्दर्शक'. आणि आत हा गृहस्थ सांगतोय की माझ्या चित्रपटांतली शांतता मला आधी मनात ऐकू येते, मग मी ती पडद्यावर आणतो.

मनात म्हणे. त्याच्या सहाच्या सहा चित्रपटांचा आवाज मी रेकॉर्ड केलाय, गेल्या बावीस वर्षांत. त्याच्या मनातून चमचाभर शांतता बाहेर पडलेली मला आठवत नाही. सेटवर हा माणूस झोपेतसुद्धा बडबडायचा.

लोकांना वाटतं, कोणी बोललं नाही की झाली शांतता. तसं नसतं. प्रत्येक खोलीची आपली शांतता असते, त्यात फ्रिज असतो, भिंतीतला नळ असतो, लांबचा रस्ता असतो. संवादांच्या मधल्या फटी बुजवायला तीच लागते, दुसऱ्या खोलीची चालत नाही. म्हणून एका जागेतलं काम संपलं की मी ओरडायचे, "रूम टोन. कोणी हलू नका." मग चाळीस सेकंद टेप चालू आणि सगळे जिथल्या तिथे. कुणाच्या तोंडात सँडविचचा घास, कुणाचा एक पाय शिडीवर. मोठमोठ्या नट्या, निर्माते, खुद्द ग्रेडी, कोणाची हलायची टाप नव्हती. दिवसभर आवाजवाल्यांना कुत्रं विचारत नाही, पण ते चाळीस सेकंद माझे असायचे.

आणि आर्विनचे. आर्विन टिल्मन माझा बूमवाला. लांब दांडीच्या टोकाला माइक, ती दांडी डोक्यावर तोलून नटाच्या तोंडाशी न्यायची आणि चित्रात मात्र दिसू द्यायची नाही, हे त्याचं काम. टेक्ससचा माणूस, सव्वासहा फूट, कमी बोलणारा. शाळेत फुटबॉल खेळताना नाकाचं हाड मोडलं होतं आणि कोणीतरी ते अंदाजपंचे बसवलं होतं. त्यामुळे गप्प उभा राहिला की श्वास सोडताना नाकातून बारीक शिटी वाजायची. बोलताना नाही, चालताना नाही. नेमका गप्प उभा राहिला की. म्हणजे आली का पंचाईत? रूम टोन घ्यायच्या आधी मी त्याला बाहेर पिटाळायचे, तो दांडी स्टँडवर लावून निमूट जायचा.

ग्रेडीच्या पहिल्या चित्रपटाला आम्ही वाळवंटातल्या बार्स्टो गावच्या एका बंद पडलेल्या मोटेलमध्ये होतो. मोटेल पाडायचंच होतं, म्हणून तर ते आमच्या हाती लागलं होतं. शेवटचा दिवस, स्वयंपाकघरातला सीन, बाहेर एकशे बारा डिग्री फॅरनहाइट. अशा उन्हात त्याला बाहेर कुठे पाठवू? म्हटलं, कोपऱ्यात उभा राहा आणि तोंडाने श्वास घे. तो हो म्हणाला आणि विसरला. आणि मी हेडफोन लावून बसलेली, मला ती शिटी ऐकूच आली नाही. नऊ वर्षं त्याच्याबरोबर काम करून माझ्या कानांनी तिला घरातलं माणूस करून टाकलं होतं. संध्याकाळी टेप परत ऐकली तेव्हा कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली, स्वतःवरच. दर टेपबरोबर आम्ही एक कागद भरतो, त्यावर मी रागाने लिहिलं, 'खराब. आर्विनची शिटी. वापरू नये.' दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायला गेले तर स्वयंपाकघराच्या जागी विटांचा ढीग.

एडिटिंगला बसलो तेव्हा तीच टेप वापरावी लागली, दुसरी होतीच कुठे? ग्रेडीने ती तीनदा ऐकली. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होते.

"ही शिटी कसली?" त्याने विचारलं.

"आर्विनच्या नाकाची."

"राहू दे. घर झोपलंय असं वाटतंय."

झालं. त्यानंतरच्या पाचही चित्रपटांत ग्रेडी स्वतः आर्विनचा दंड धरून त्याला माइकच्या डाव्या बाजूला उभा करायचा. सेटवर टिंगल चालायची, "आर्विन आला का? मग करा शांतता सुरू." समीक्षकांनी लिहिलं, व्हॉसची घरं श्वास घेतात. आम्ही ते कात्रण आर्विनच्या टोपीला टाचणीने लावलं. तो आठवडाभर तसाच फिरला, काढायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आर्विन गेला. हृदयाचं दुखणं होतं, आम्हाला कोणाला बोलला नव्हता.

त्याची बायको मेझी व्हॅन नाइजला राहते, चौऱ्याहत्तर वर्षांची. डोळ्यांचा मधला पडदा गेलाय तिचा, समोरचं माणूस तिला धुरकट दिसतं, कडेचं थोडं बरं दिसतं. दर गुरुवारी मी तिचं वाणसामान आणते आणि ती माझ्या जीन्सवरून, केसांवरून मला चार गोष्टी ऐकवते. दिसत नाही म्हणून बोलायची थांबत नाही. जानेवारीत बातमी आली की ग्रेडीचे सहाही चित्रपट नव्याने दुरुस्त करून हॉलीवूडमधल्या एका जुन्या थिएटरात ओळीने दाखवणार. तेव्हापासून तिचं एकच चालू होतं, मला घेऊन चल. घरच्या टीव्हीवर ती शिटी मरून जाते, एवढी बारीक आहे. मोठ्या थिएटरात मात्र स्वच्छ येते.

"अगं, त्याचा आवाज आहे की तुझ्याकडे फोनवर," मी एकदा तिला म्हटलं होतं. "तो निरोप."

"आवाजाचं काय घेऊन बसलीस," मेझी म्हणाली. "आवाजाने तो बँकवाल्याशीपण बोलायचा. शिटी माझ्या उशीवरची आहे."

खेळाच्या चार दिवस आधी मला एक फोन आला. प्रिसिला युन नावाची मुलगी, जुन्या चित्रपटांचे आवाज साफ करणाऱ्या बरबँकच्या स्टुडिओतली. गोड बोलणारी, कामाची दिसत होती.

"तुमचे आभार मानायला फोन केला," ती म्हणाली. "तुमच्या कागदामुळे आमचे तीन आठवडे वाचले."

"कुठल्या कागदामुळे?"

"बार्स्टोच्या. त्यावर तुम्ही त्या शिटीबद्दल लिहून ठेवलं होतंत ना, खराब, वापरू नये. मग तोच दोष बाकीच्या पाचांतही सापडला. सगळीकडून काढून टाकला. आता इतकं स्वच्छ झालंय, तुम्ही ऐकाच."

ती दोनदा हॅलो म्हणाली. तिला काय बोलणार? तिने माझंच ऐकलं होतं. बावीस वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर, माझाच तोरा. शेवटी एवढंच विचारलं, हे ग्रेडीला माहीत आहे का.

"त्यांनी ऐकून सही केली आहे. इथून पुढे सगळीकडे हीच प्रत जाणार."

मी गाडी काढली आणि थेट ग्रेडीचं ऑफिस गाठलं. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे, जिना चढताना वाफेचा वास येतो. ग्रेडी चप्पल घालून बदाम खात बसला होता. आता अठ्ठावन्नचा झालाय, दाढी पांढरी, भुवया अजून काळ्या.

"बर्टी. ये. मुलाखत वाचलीस?"

"वाचली. आर्विनला का काढलंस?"

"आर्विनला कोणी काढलंय?"

"शिटी, ग्रेडी. सहाही चित्रपटांतून."

"अच्छा, ते." त्याने बदामांची वाटी माझ्यापुढे सरकवली. मी ती परत सरकवली. "हे बघ, आताच्या थिएटरांत ती फार टोचते. कंपनीने काही लोकांना बसवून दाखवलं, त्यांना वाटलं स्पीकर बिघडलाय. आणि खरं सांगू का, मला पहिल्यापासून शुद्ध शांतता हवी होती. त्या वेळी मिळाली नाही म्हणून चालवून घेतलं."

"चालवून घेतलंस? तू त्याला हाताला धरून उभा करायचास."

"तेव्हा मी तरुण होतो."

"तुझी घरं श्वास घेतात म्हणून ज्यांनी तुला डोक्यावर घेतलं, ते कोणाचं नाक ऐकत होते, माहीत आहे ना तुला? आणि तू छापून सांगतोस, मनात ऐकू येते म्हणून. एकदा तरी नाव घ्यायचंस त्याचं. सहा पानं होती रे तुझ्यापाशी."

"मुलाखतीत बूमवाल्याचं नाव कोण घेतं, बर्टी?"

"मेझी शनिवारी येणार आहे," मी म्हटलं. "तिला चित्र दिसत नाही. ती फक्त तेवढंच ऐकायला येणार आहे."

क्षणभर तो ओशाळला, खोटं कशाला बोलू. मग त्याने टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढला आणि माझ्यासमोर धरला. माझ्या जुन्या कागदाची झेरॉक्स, वर माझी सही.

"दोष आहे असं मी नाही म्हटलं," तो म्हणाला. "तू म्हटलंस."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. 'खराब'खाली मी दोन रेघा मारल्या होत्या, पेन इतकं दाबून की कागद फाटलेला झेरॉक्समध्येही दिसत होता. जिना उतरताना दहा उत्तरं सुचली, पण तेव्हा त्यांचा काय उपयोग?

आणि मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. गुरुवारी मेझीकडे गेले आणि तिला काही सांगितलं नाही. तिने केस सेट करून घेतले होते. निळा ड्रेस इस्त्री करून दाराला टांगला होता. "चौदाव्या मिनिटाला येतं ना गं?" ती विचारत होती. मी पाठ फिरवून दुधाचा कॅन फ्रिजमध्ये ठेवला.

शनिवारी दुपारचा खेळ. थिएटर गच्च भरलेलं. जुनी टोळी दोन रांगांत होती, लाइटवाले, मेकअपवाली, ट्रक चालवणारा डेलबर्ट, सगळ्यांची पोटं सुटलेली. मेझी माझ्या उजव्या हाताला. चित्रपट सुरू झाला. मोटेल, वाळू, मग ते स्वयंपाकघर. टेबलाशी आई बसते, पत्र घडी करून ठेवते आणि काही बोलत नाही. मेझीने डोळे मिटले आणि डोकं एका बाजूला कललं, जशी उशी असावी तसं.

काही आलं नाही. नुसती पोकळी, कापूस कोंबल्यासारखी. त्या आईला आता कोणी झोपेत सोबत करत नव्हतं.

"आली का ती जागा?" मेझीने विचारलं, बऱ्यापैकी मोठ्याने.

"गेली," मी म्हटलं.

तिने मान सरळ केली. पुढचा दीड तास ती तशीच ताठ बसून होती.

दिवे लागले. ग्रेडी स्टेजवर आला, माइकसमोर स्टुलावर बसला, हातात पाण्याचा ग्लास. शेजारी एक सूटवाला सूत्रसंचालक आणि एक मोठी कुंडी. टाळ्या काही थांबेनात. पहिलाच प्रश्न शांततेवर आला. ग्रेडीने घसा साफ केला आणि सुरू झाला, वाळवंट, बालपण, मनातला कान. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रश्नांसाठी फिरवायचा माइक आमच्या रांगेत आला तेव्हा मी तो आणणाऱ्या मुलीच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला.

"तुमचा प्रश्न?" सूटवाला म्हणाला.

"प्रश्न नाही," मी म्हटलं. "रूम टोन. कोणी हलू नका."

ठरवून आले नव्हते. तोंडातून गेलं, तीस वर्षांच्या त्याच आवाजात. आणि आमच्या दोन्ही रांगा जागच्या जागी थिजल्या. डेलबर्टचा हात पॉपकॉर्नच्या पिशवीत होता, तो तिथेच राहिला. मेकअपवाली उठत होती, ती अर्धी उठलेलीच राहिली. स्टेजवर ग्रेडीचा ग्लास ओठांपाशी पोचला होता, तोही तिथेच थांबला. सवयच ती, त्याच्या बापाला मोडली नसती. बाकीचे तीनशे लोक आम्हाला बघून गप्प झाले.

मी मनात मोजायला लागले. वरच्या यंत्राची घरघर येत होती, कोणाचं तरी घड्याळ, बाहेर एक बस. दहा. वीस. त्या सगळ्यांत एक आवाज नव्हता आणि आम्हा पंधरा-वीस जणांना तो नसलेला ऐकू येत होता. पंचवीसच्या सुमाराला मी ग्रेडीकडे पाहिलं. त्याची मान हलली नव्हती, ग्लास हलला नव्हता. डोळे तेवढे हलले होते, माइकच्या डाव्या बाजूला, जिथे तो दर वेळी आर्विनला उभा करायचा. तिथे ती कुंडी होती.

चाळीस झाले. मी 'झालं' म्हणाले नाही, म्हणून कोणी हललं नाही.

"आर्विन नाहीये यात," मेझी म्हणाली. सूपमध्ये मीठ नाही असं सांगावं तशी. "कोणी काढलं त्याला?"

माइक माझ्याच हातात होता.

"मी," मी म्हटलं. "बावीस वर्षांपूर्वी कागदावर लिहून. आणि त्याने, परवा सही करून."

सूटवाल्याने घाईघाईने पुढचा प्रश्न मागितला. एकही हात वर झाला नाही. ग्रेडीने ग्लास खाली ठेवला, त्यातलं पाणी तो प्यायलाच नव्हता, आणि मागच्या पडद्यातून निघून गेला.

पंधरा दिवसांनी पेपरात आलं. ग्रेडी व्हॉस यांनी आपल्या चित्रपटांतला मूळ मानवी श्वास परत आणण्याचा धाडसी निर्णय घेतला आहे. 'मला आतून जाणवलं,' असं ते म्हणाले. आर्विनचं नाव नाही, मेझीचं नाही, थिएटरात काय झालं त्याबद्दल अवाक्षर नाही. मी पेपर घेऊन मेझीकडे गेले आणि तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून तोंड दुखेपर्यंत त्याला शिव्या घातल्या.

ती कॉफी ओतत होती, कपाच्या काठाला बोट लावून अंदाज घेत.

"छापू दे की," ती म्हणाली. "मला कुठे वाचता येतंय?"

"अगं पण खोटं आहे ते."

"मग तू खरं लिही. लिहून तर घोळ केलास सगळा."

बरोबरच होतं तिचं. त्याच दिवशी प्रिसिलाचाही फोन आला. बिचारी शरमली होती, उगाचच. म्हणाली, परत घालायचं तर आहे, पण कंपनी कागदावर चालते, आणि कागदावर अजून 'खराब' आहे. तुम्ही येऊन तो बदलून सही कराल का?

मी मेझीला गाडीत घातलं आणि बरबँकला घेऊन गेले. छोटी खोली, भिंतींना फोम लावलेला. प्रिसिलाने मूळ टेप काढून ठेवली होती. तिने मेझीला आपल्या खुर्चीत बसवलं, दोन्ही स्पीकरच्या मधोमध, आणि ती स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली.

"सुरू करू?" तिने मला विचारलं.

"कर. आणि कोणी हलू नका."

बार्स्टोचं स्वयंपाकघर आलं. फ्रिज, छपरावरचं ऊन, आणि मग ती, बारीक, किंचित थरथरणारी, थांबून थांबून येणारी. मी रेकॉर्ड करताना जी मला ऐकू आली नव्हती, ती आता एवढी मोठी वाटली की खोलीत दुसरं काही उरलं नाही. माझे डोळे भरून आले आणि मला त्याचाही राग आला. मेझीने स्वतःचा श्वास धरून ठेवला होता. मध्ये एकदा शिटी अडखळली, जरा घोगरी होऊन पुन्हा लागली. मेझी खुदकन हसली.

चाळीस सेकंद संपले. प्रिसिलाने कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

"सर्दी झाली होती त्याला त्या दिवशी," मेझी म्हणाली. "मी सांगितलं होतं, जाऊ नको म्हणून."

मी 'खराब' खोडलं, 'वापरू नये' खोडलं. दोन रेघा मारलेल्या जागी कागद फाटलेला होता, म्हणून बाजूला लिहिलं, 'आर्विन टिल्मन. सर्दी झालेली. असंच ठेवावं.' आणि खाली सही केली.